अस्मानी जेव्हा सुलतानी होईल

६ जून १९१२ रोजी अलास्कातल्या कातमाईच्या परिसरात ज्वालामुखी फुटला. विसाव्या शतकातला तो सर्वांत मोठा उद्रेक. आसपास वस्ती तुरळक होती, त्यामुळे जगाला त्याची फारशी झळ लागली नाही, निदान तेव्हा तरी तसं वाटलं. राख खाली बसली, पण गंधकाचे वायू उंच आभाळात चढले आणि उत्तर गोलार्धावर पसरले. पुढच्या वर्षी हजारो किलोमीटर दूर, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या साहेलच्या पट्ट्यात पावसानं पाठ फिरवली. पिकं करपली, गुरं मेली, आणि १९१३-१४ च्या त्या दुष्काळात माणसंही अन्नान्न करत गेली. अलास्का नावाचा मुलूख कुठे आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, काही ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांनी १९०० ते २०१० या काळातले साहेलमधले सर्वांत कोरडे चार पावसाळे तपासले. त्यांपैकी तिघांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी फुटलेला होता. १९१२ चा कातमाई त्यांत होता, तसाच १९८२ चा मेक्सिकोतला एल चिचोनही. कारण समजायला फार अवघड नाही. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा हा दोन गोलार्धांच्या तापमानाच्या तोलावर झुलत असतो. उत्तर गोलार्ध थोडा जरी जास्त थंड झाला तरी तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो, आणि त्याच्या उत्तर काठावर जगणारी माणसं कोरडी राहतात.

हे शास्त्रज्ञ ज्वालामुखींच्या मागे लागले होते ते निव्वळ इतिहासाच्या हौसेपोटी नव्हे. ज्वालामुखी जे करतो तेच माणसानं विमानांनी मुद्दाम केलं तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या भाषेत संकटाचे दोन प्रकार सांगितले आहेत, अस्मानी आणि सुलतानी. दुष्काळ, अतिवृष्टी, टोळधाड ही आभाळातून येणारी. जुलूम, लूट, लढाई ही राज्यकर्त्यामुळे येणारी. हा भेद शब्दांपुरता नाही. अस्मानी संकटापुढे माणूस हात जोडतो, सोसतो, एकमेकांना धरून राहतो. सुलतानी संकटात तो विचारतो, कुणी केलं? कुणाच्या हुकमानं? आणि भरपाई कोण देणार? साहेलचा १९१३ चा दुष्काळ अस्मानी होता. कातमाईसारखंच काम उद्या विमानांच्या ताफ्यानं केलं आणि पुन्हा तसाच दुष्काळ पडला, तर तो सुलतानी असेल. त्या दिवसानंतर पृथ्वीवरचा एकही वाईट पावसाळा निव्वळ आभाळाची मर्जी म्हणून सोडून देता येणार नाही. माझा सगळा आक्षेप, आणि माझी सगळी काळजी, या एका बदलाभोवती आहे.

आधी या तंत्राविषयी थोडं. जिओइंजिनीअरिंग या शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणं. हे महागडं, संथ आणि बरंचसं हिशेबात मावणारं काम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे सूर्याचे किरण जमिनीवर पोचण्याआधीच थोडे परतवून लावणं. या लेखात मी बोलतो आहे ते मुख्यतः दुसऱ्याबद्दल, आणि त्यातही सर्वांत जास्त चर्चेत असलेल्या पद्धतीबद्दल. सुमारे २० किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, सल्फर डायऑक्साइड सोडायचा. त्याचे गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि ऊन परतवतात. हे होतं याबद्दल शंका नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोनं दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे ०.५ अंश सेल्सिअसनं उतरलं.

पण त्याच पिनातुबोनंतर जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही ठळकपणे घटला होता. ही बाजू सांगताना अनेकांचा आवाज खाली जातो. कार्बन डायऑक्साइड उष्णता कोंडून ठेवतो, तर हे थेंब ऊन अडवतात. सरासरी तापमानाच्या रकान्यात ही वजाबाकी बरोबर जुळते, पाण्याच्या रकान्यात जुळत नाही. बाष्पीभवन हे उन्हावर चालतं. तितकंच तापमान राखून ऊन कमी केलं तर पाऊस सरासरीनं कमी होतो, आणि तो कुठे किती कमी होईल हे गंधक कोणत्या अक्षांशावर, कोणत्या ऋतूत, किती सोडलं यावर ठरतं. दोन्ही गोलार्धांत नीट तोल सांभाळून सोडलं तर साहेलसारखा घात टळू शकेल, असं संगणकी प्रारूपं दाखवतात. म्हणजे प्रश्न पुन्हा हुकमाचाच झाला. तोल सांभाळणार कोण, आणि कुणाच्या सोयीनं? शिवाय समुद्र कार्बन शोषून आम्लधर्मी होत चालला आहे, त्यावर या उपायाचा काडीचाही परिणाम नाही. ओझोनच्या थराला या थेंबांमुळे इजा पोचते, ती वेगळीच.

आता पैशाचं. २०१८ मध्ये वेक स्मिथ आणि गर्नॉट वॅग्नर या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला. अशी मोहीम सुरू केली तर पहिल्या १५ वर्षांत दरवर्षी सरासरी २.२५ अब्ज डॉलर लागतील. हवामानबदलाच्या जगात ही रक्कम किरकोळ आहे. मध्यम आकाराच्या डझनभर देशांना, आणि काही धनाढ्य माणसांना एकट्यानंसुद्धा, ती परवडेल. उत्सर्जन कमी करण्याची अडचण अशी की त्यासाठी सगळ्यांनी हलावं लागतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे अडचण बरोबर उलटी आहे. इथे कुणीही एकटा उठून सगळ्यांच्या आभाळाला हात घालू शकतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. जगाचं तापमान किती असावं हे ज्याला सर्वांत जास्त थंडावा हवा आहे आणि ज्याच्याकडे विमानं आहेत, तो ठरवणार. बाकीच्यांना त्याच आभाळाखाली राहायचं आहे.

इथे एक प्रामाणिक हरकत येते आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हरकत अशी की, अस्मानी संकट आता उरलंय कुठे? दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत देशांनी हवामान आधीच बिघडवलं आहे. आजची उष्णतेची लाट सुलतानीच आहे, मग आणखी एका सुलतानाला एवढं का घाबरायचं? हरकतीचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दिलेल्या सल्लागारी मतातही हेच आहे, की हवामानाला होणारं गंभीर नुकसान रोखणं हे राज्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे. पण धूर हा काहीतरी दुसरं मिळवताना झालेला परिणाम होता. कुणीही कारखाना तापमान वाढवायचं म्हणून चालवला नाही. हे काम मात्र हवामान बदलण्यासाठीच केलं जाईल. किती बदल, कुठे, किती वर्षं, हे कुणीतरी बैठकीत बसून ठरवेल आणि सही करेल. निष्काळजीपणा आणि निर्णय यांतला फरक कायद्याला कळतो, आणि ज्याचं शेत जळतं त्यालाही कळतो.

समजा, सुरुवात झाली. तीन वर्षं फवारणी चालू आहे आणि चौथ्या वर्षी एखाद्या प्रदेशात पाऊस निम्म्यावर आला. तिथलं सरकार म्हणतं, हे तुमच्यामुळे झालं. फवारणारा देश म्हणतो, पाऊस दर वर्षी कमी-जास्त होतच असतो, यात आमचा हात असल्याचं सिद्ध करा. सिद्ध कसं करणार? एका प्रदेशातल्या एका मोसमाच्या पावसात नैसर्गिक चढउतारच इतके असतात की त्यातून एका कारणाचा वाटा वेगळा काढणं म्हणजे पुरात मिसळलेली घागर शोधणं. कातमाई आणि साहेलचा धागा जुळवायला शंभर वर्षं लागली, आणि तोही कुणी कुणाकडे भरपाई मागत नव्हतं म्हणून शांतपणे जुळवता आला. त्यासाठी प्रारूपं लागतात, महासंगणक लागतात, दशकांच्या नोंदी लागतात, आणि हे सगळं बहुतांशी त्यांच्याकडेच असतं ज्यांच्याकडे विमानं असतात. फिर्यादीला पुरावा आरोपीच्याच कपाटातून मागावा लागेल.

त्याहून बिकट एक युक्तिवाद आहे, आणि तो केला जाईलच: आम्ही फवारलं नसतं तर तुमच्याकडे याहून वाईट झालं असतं. याला उत्तर नाही. न फवारलेलं आभाळ कुणालाही दाखवता येत नाही. ते प्रारूपातच असतं, आणि प्रारूप कुणाचं यावर पुन्हा तेच भांडण. ज्या बचावाला कधीच खोटं पाडता येत नाही तो बचाव हाती असलेला सुलतान कुणाला का उत्तर देईल? भरपाईचं नुसतं आश्वासन या अडचणीवर उपाय नाही. पुराव्याची जबाबदारी उलटवावी लागेल. फवारणीच्या काळात एखाद्या प्रदेशाला ठरावीक पातळीपलीकडे पाऊस कमी पडला तर भरपाई आपोआप मिळेल, कारणाची चिकित्सा मागाहून होईल आणि तिचा खर्च फवारणाऱ्यानं उचलायचा. असा नियम मान्य करायला कुणी तयार आहे का, हे आधी विचारावं. मला वाटतं, या एका प्रश्नानंतर खोलीतली निम्मी माणसं उठून जातील. आणि मग कळेल की त्यांचा आपल्या तंत्रावर किती विश्वास होता.

निसर्ग आपल्या गणितात बसत नाही याचं मी जवळून वाचलेलं एक उदाहरण समुद्रातलं आहे. २००९ च्या जानेवारीत जर्मनीचं 'पोलारस्टर्न' हे संशोधन जहाज केपटाउनहून दक्षिण महासागराकडे निघालं. जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांचा तो संयुक्त प्रयोग होता, नाव लोहाफेक्स, त्यातला 'लोहा' म्हणजे आपलं लोखंड. कल्पना अशी की समुद्राच्या ज्या भागात लोहाची वानवा आहे तिथे ते टाकलं की सूक्ष्म शेवाळ माजेल, हवेतला कार्बन खाईल, मरून तळाशी जाईल आणि कार्बन शतकानुशतकं गाडला जाईल. जहाज वाटेत असतानाच जर्मनीच्या दोन मंत्रालयांत जुंपली. पर्यावरण खात्यानं हरकत घेतली, संशोधन खात्यानं काम थांबवलं आणि मग पुन्हा परवानगी दिली. अखेर एका भोवऱ्यातल्या ३०० चौरस किलोमीटर पाण्यात ६ टन विरघळलेलं लोह सोडण्यात आलं आणि ३९ दिवस त्यावर पाळत ठेवली गेली.

शेवाळ खरोखर वाढलं. पहिल्या दोन आठवड्यांत दुप्पट झालं. आणि मग कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे प्राणी आले आणि ते चरू लागले. कोपेपॉडांच्या मागे कोळंबीसारखे दिसणारे अँफिपॉड आले आणि त्यांनी कोपेपॉड खाल्ले. त्या पाण्यात सिलिकाही कमी होती, त्यामुळे काचेचं कवच असलेलं, जड, तळाशी बुडणारं शेवाळ वाढलंच नाही. कार्बन तळाशी गेला तो नगण्य. मला हा प्रयोग फसला असं म्हणायचं नाही. तो उघडपणे झाला, त्याचे निकाल झाकून ठेवले गेले नाहीत, आणि त्यातून एक मोठी कल्पना खोटी ठरली. विज्ञान असंच चालायला हवं. पण ३०० चौरस किलोमीटरच्या पाण्यात, जहाजभर तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत, कणीएवढ्या प्राण्यांनी सगळा आराखडा फस्त केला. स्थितांबरात असा छोटा भोवरा आखून घेता येत नाही. तिथला खरा प्रयोग म्हणजे अख्खी पृथ्वी.

संमतीचा प्रश्न याहून लहान प्रमाणावरही किती खोल जातो हे स्वीडनमध्ये दिसलं. हार्वर्ड विद्यापीठाचा स्कोपेक्स नावाचा प्रकल्प २०२१ मध्ये किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून एक फुगा सोडणार होता. त्या उड्डाणात एक कणही सोडला जाणार नव्हता, फक्त उपकरणांची चाचणी होती. पुढच्या टप्प्यात कण सोडले असते तेही किलो-दोन किलोच्या आतले. तरी त्या प्रदेशातल्या सामी लोकांच्या परिषदेनं पत्र लिहून विरोध केला. रेनडिअर पाळून जगणारा हा आदिवासी समाज. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि हा रस्ता जिथे जातो तिथे जायचं की नाही हे जगानं अजून ठरवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. उड्डाण रद्द झालं आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळण्यात आला. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञ चिडले. साध्या चाचणीचा एवढा बाऊ कशाला, असं म्हणाले. मी सामींच्या बाजूचा आहे. पहिल्या पायरीला कुणी विचारत नाही, कारण ती लहान असते. दहाव्या पायरीलाही कुणी विचारत नाही, कारण तोवर नऊ चढून झालेल्या असतात.

आणि विचारायची तसदी न घेणारे असले की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२२ मध्ये मेक सनसेट्स या अमेरिकी कंपनीनं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात हवामानाच्या फुग्यांत थोडा सल्फर डायऑक्साइड भरून ते आभाळात सोडून दिले. ते कितपत उंच गेले, वायू कुठे सुटला, हे मोजणारं उपकरणही त्यांत नव्हतं. परवानगी नाही, पूर्वसूचना नाही. एक ग्रॅम गंधकवायू म्हणजे एक टन कार्बनची एका वर्षाची उष्णता रद्द, असा दर लावून कंपनी त्याची 'थंडाव्याची क्रेडिट' १० डॉलरला विकू लागली. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोच्या सरकारनं अशा प्रयोगांवर बंदी घालणार असल्याचं जाहीर केलं. त्या मूठभर वायूनं कुणाचं काही बिघडलं नाही हे खरं. पण एक टन कार्बन शतकानुशतकं हवेत राहतो आणि हे थेंब वर्षा-दोन वर्षांत खाली येतात, ही साधी गोष्ट दडपून जो माल विकला जातो तो माल नाही, फसवणूक आहे. पाठोपाठ मोठे भांडवलदारही आले. २०२५ मध्ये स्टारडस्ट या इस्रायली-अमेरिकी कंपनीनं ६ कोटी डॉलर उभे केले. गुंतवणूकदार पैसा लावतो तो परताव्यासाठी. आणि या धंद्यात परतावा मिळणार तो कुणीतरी फवारायला लागल्यावरच. फवारणी नको, असा निष्कर्ष निघाला तर ज्याचं दिवाळं वाजेल, त्याच्याकडून त्या निष्कर्षाची अपेक्षा कशी ठेवायची?

मग कायदा काय म्हणतो? खरं सांगायचं तर कायद्याची इथे ठिगळं आहेत, वस्त्र नाही. सर्वांत जुनं ठिगळ युद्धातून आलं. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेनं व्हिएतनामच्या युद्धात हो ची मिन्ह मार्गावर, म्हणजे शत्रूच्या रसदीच्या वाटेवर, ढगांत रसायनं सोडून पावसाळा वाढवण्याचा प्रयत्न केला, रस्ते चिखलात रुतावेत म्हणून. ते उघडकीला आल्यावर जगानं १९७६ मध्ये एनमॉड करार केला. पर्यावरण बदलण्याच्या तंत्रांचा लष्करी किंवा शत्रुत्वाचा वापर करायचा नाही, असं तो सांगतो. पण तोच करार असंही सांगतो की शांततेच्या हेतूनं केलेल्या वापराला त्यानं बाध येत नाही. जगाच्या भल्यासाठी म्हणून फवारणाऱ्याला हा करार अडवूच शकत नाही. १९७६ च्या लोकांपुढे हेतू वाईट असलेला सुलतान होता. चांगल्या हेतूच्या सुलतानाची त्यांनी कल्पना केली नव्हती.

दुसरं ठिगळ जैवविविधता कराराचं. २०१० मध्ये जपानमधल्या नागोयाच्या परिषदेत या कराराच्या सदस्य देशांनी ठराव केला की पुरेसा शास्त्रीय आधार आणि नियमन नसताना जैवविविधतेवर परिणाम करणारं जिओइंजिनीअरिंग करू नये, लहान प्रमाणावरचं संशोधन वगळता. चांगला ठराव आहे, पण बंधनकारक नाही, आणि अमेरिका त्या कराराची सदस्यच नाही. तिसरं समुद्राचं. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉलमध्ये २०१३ साली सागरी जिओइंजिनीअरिंगसाठी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती लागू व्हायला जितक्या देशांची मान्यता लागते तितकी अजून जमलेली नाही. ओझोनच्या थरासाठी १९८५ चा व्हिएन्ना करार आणि १९८७ चा माँट्रियल प्रोटोकॉल आहेत, आणि जगानं एकदिलानं काही निभावल्याचं ते उत्तम उदाहरण आहे. पण ते काही पदार्थ थांबवण्यासाठी होतं. थांबवायला सहमती लागते, चालवायला सरकार लागतं. आणि पृथ्वीला सरकार नाही.

हे चालवणं किती काळ, याचा विचार केला की माझ्या अंगावर काटा येतो. फवारणीखाली तापमान दबलेलं असतं आणि खाली कार्बन साचत राहतो. अशा वेळी ती अचानक थांबली, युद्धानं, आर्थिक कोसळण्यानं, नुसत्या राजकीय लहरीनं, तर दाबून ठेवलेली सगळी उष्णता दहा-वीस वर्षांत उसळून वर येईल. त्या वेगाशी जुळवून घेणं ना पिकांना जमेल, ना जंगलांना, ना माणसांना. म्हणजे एकदा सुरू केलं की उत्सर्जन संपून साचलेला कार्बन उतरेपर्यंत, शंभर-दोनशे वर्षंही, ते खंड न पडता चालवावं लागेल. राष्ट्रसंघ १९२० साली मोठ्या आशेनं सुरू झाला आणि १९४६ मध्ये विसर्जित झाला. संयुक्त राष्ट्रांना आत्ता कुठे ८० वर्षं झाली. ज्या जगाला हवामान करारातून निवडणुकीगणिक आत-बाहेर करण्याची सवय आहे, त्यानं अजून न जन्मलेल्यांच्या वतीनं असा करार करायचा, जो मोडला तर शिक्षा त्यांना आणि पाळला तरी नोकरी त्यांनाच? वारसाला कर्ज देणं वेगळं. हा तर वारसाच्या गळ्यात चालू यंत्र बांधणं आहे, जे तो बंदही करू शकत नाही.

इतकं लिहूनही विरुद्ध बाजूचा एक आवाज मला गप्प करतो, आणि तो कंपन्यांचा नाही. तो उष्णतेनं खरोखर मरणाऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, उत्सर्जन हवं तितक्या वेगानं घटत नाहीये हे उघड आहे. वातानुकूलित खोलीत बसून तत्त्वाच्या नावाखाली हा पर्याय नाकारणं ही चैन आहे, आणि तिची किंमत उन्हात राबणारा देतो. पॉल क्रुट्झेन यांनीही २००६ मध्ये याच अस्वस्थतेतून हा विषय पुन्हा टेबलावर आणला. ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी १९९५ चं नोबेल मिळालेला माणूस, म्हणजे या उपायाची ओझोनला बसणारी किंमत त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार? उत्सर्जनं इतकी घटावीत की या प्रयोगाची वेळच येऊ नये, असंच त्यांना हवं होतं. पण ती त्यांना भाबडी इच्छा वाटत होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही.

पण हा युक्तिवाद ज्यांच्या नावानं केला जातो ते स्वतः काय म्हणतात, ते ऐकायला हवं. ऑगस्ट २०२३ मध्ये आदिस अबाबा इथे आफ्रिकेच्या पर्यावरण मंत्र्यांच्या परिषदेनं सौर जिओइंजिनीअरिंगचा वापर करू नये यासाठी जागतिक कराराची मागणी केली. सर्वांत उष्ण खंडाची ही मागणी आहे. उन्हाची झळ त्यांना आपल्यापेक्षा कमी कळते असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पाऊस गमावणं म्हणजे काय हेही त्यांना कळतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि बाधितांची करुणा येणं ही गोष्ट वेगळी, त्यांच्या वतीनं निर्णय घेणं वेगळं. आजवरच्या बहुतेक सुलतानांनी स्वतःला प्रजेचा कनवाळूच म्हटलं आहे.

यातून मी संशोधनाला नकार देत नाही. उलट, प्रारूपांवरचं काम वाढायला हवं, आणि ते आफ्रिका, दक्षिण आशिया, लॅटिन अमेरिका इथल्या शास्त्रज्ञांच्या हातात असायला हवं. आज डिग्रीज इनिशिएटिव्हसारखे थोडे प्रयत्न या देशांतल्या अभ्यासकांना पैसा पुरवतात. ते पुरेसे नाहीत. उद्या कुणी येऊन सांगितलं की तुमच्या मोसमी पावसाला काही होणार नाही, तर ते वाक्य तपासायची ताकद आपल्याकडे असली पाहिजे. न तपासता मान डोलावणं ही संमती नव्हे. ब्रिटनच्या सरकारी संशोधन संस्थेनं, आरियानं, २०२५ मध्ये या विषयासाठी सुमारे ५.७ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात प्रयोगशाळेबाहेर, उघड्यावर करायचे प्रयोगही आहेत. एका देशाच्या तिजोरीतून, त्याच देशाच्या नियमांखाली हे होणं मला खटकतं, तो देश कितीही सज्जन असला तरी. गुप्तता आणि एकाधिकार यांचा आणखी एक तोटा आहे. विमानामागच्या पांढऱ्या रेषा म्हणजे सरकारी विषप्रयोग, अशा अफवांना त्यातूनच खतपाणी मिळतं, आणि मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत, २०२५ मध्ये फ्लोरिडात झाले तसे बंदीचे कायदे होतात, ज्यांत खरा धोका आणि कपोलकल्पित धोका यांचा काला झालेला असतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वापरावर बंदी, आत्ता, ठिगळांनी नव्हे तर एका स्वतंत्र करारानं. आभाळातल्या थंडाव्याची खरेदी-विक्री आणि त्यावरची पेटंटं यांना पूर्ण मज्जाव. फवारणीच्या नावावर कुणाचंही एक टन उत्सर्जन माफ होता कामा नये. बाहेर होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाची आगाऊ, जाहीर, जगभर वाचता येईल अशी नोंद. आणि ही बंदी कधी उठवायची हा विषय निघालाच, तर तो पाच नकाराधिकारवाल्या सुरक्षा परिषदेत नव्हे, अशा मंडळात निघावा जिथे पावसावर जगणाऱ्या प्रदेशांची संमती घेतल्याशिवाय पान हलणार नाही. एवढ्या अटींवर कुणाचंच एकमत होणार नाही, असं मला सांगितलं जातं. एकमत होत नसेल तर फवारायचं नाही, हेच तर माझं म्हणणं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नैरोबीला हा विषय दोनदा आला. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडनं फक्त एवढंच मागितलं होतं की या तंत्रांचा आणि त्यांच्या नियमनाचा एक आढावा घ्यावा. अमेरिका आणि सौदी अरेबियानं तेही होऊ दिलं नाही. २०२४ मध्ये पुन्हा ठराव आला, पुन्हा मागे घेतला गेला. त्या वेळी तज्ज्ञगट नेमण्याच्या मसुद्यासमोर आफ्रिकी देशांच्या गटानं वापरबंदीची भाषा ठेवली होती. साहेल ज्या खंडात आहे, त्या खंडानं. पुढची चर्चा त्यांच्या मसुद्यापासून सुरू करा, आणि अध्यक्षांच्या उजव्या हाताची पहिली खुर्ची साहेलमधल्या नायजर, माली, बुर्किना फासो यांच्या प्रतिनिधींना द्या.